आमच्या घरी नववी नाही

"नववीची पुस्तकं आणलीस का गं?"

आण्णा हा प्रश्न एप्रिलमध्ये आठवड्यातून एकदा विचारायचे. मे महिन्यात दिवसाआड विचारू लागले आणि जून उजाडला तसा रोज, सकाळच्या चहाबरोबर. आण्णा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. मिरजेच्या मंडईत अजून त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला कुणी ना कुणी टक्कल पडलेला विद्यार्थी पुढं येतो. अशा माणसाच्या नातीनं सहावीनंतर शाळा सोडली आणि ती घरी शिकते, हे त्यांनी दोन वर्षं कसं पचवलं ते त्यांनाच ठाऊक. रेवानं शाळा का सोडली ते मी पूर्वी लिहिलंय, पुन्हा त्यात शिरत नाही. सातवी-आठवी आण्णांनी सहन केली, कारण त्यांच्या मते सातवी-आठवी हे तसेही वाया जायचेच वर्ग. नववी मात्र वेगळी.

"नववी म्हणजे दहावीचा पाया," ते म्हणाले. "पाया खणायच्या आधी ठरवायला लागतं, घर कुठं बांधायचंय ते."

माझी खरी गोची तिथंच होती. जानेवारीपासून मी एक एक्सेल शीट घेऊन बसले होते. मी घरून लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरते, त्यामुळे घरातला कुठलाही पेच मी आधी एक्सेलमध्ये टाकते. उभ्या रांगेत पर्याय, आडव्या रांगेत खर्च, परीक्षा कधी, केंद्र कुठं, पुढं अकरावीला चालेल का. शीटचं नाव 'रेवा अभ्यासक्रम'. चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की त्या शीटमध्ये अभ्यासक्रम नावाचा रकानाच नव्हता. होती ती सगळी परीक्षा मंडळं.

तरी ती शीट आधी सांगते, कारण ज्यांची मुलं चौदाच्या आसपास आहेत त्यांना तीच हवी असते.

पहिली ओळ आण्णांची: सतरा नंबर फॉर्म. शाळेत न जाता, बाहेरून राज्य मंडळाची दहावी. आमचा विभाग कोल्हापूर. अर्ज एका शाळेशी जोडला जातो आणि अंतर्गत गुणांचं सगळं तिथंच होतं. विषय शाळेतल्या मुलांचेच: तीन भाषा, गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-भूगोल. आण्णांनी मंडळाचे पेपर वर्षानुवर्षं तपासले आहेत, त्यामुळे या पर्यायात घरातच शिक्षक फुकट. पुस्तकं मराठीत, स्वस्त आणि गल्लीच्या टोकाला मिळणारी. आजूबाजूच्या कुणाला काही समजावत बसायला नको. "बाहेरून दहावी देतीय" म्हटलं की लोकांना कळतं. अडचण एकच. सगळं एकदम, फेब्रुवारी-मार्चच्या त्या तीन आठवड्यांत. राहिलं तर पुरवणी आहे, पण रेवाला ज्या गोष्टीनं शाळेबाहेर काढलं ती नेमकी हीच होती.

दुसरी ओळ माझ्या पुण्याच्या नणंदेची. तिची दोन्ही मुलं केंब्रिजच्या आयजीसीएसईला, म्हणजे दहावीच्या तोडीच्या परदेशी परीक्षेला, आहेत आणि तिच्या मते भारतात बाकी सगळं अंधारयुग. अभ्यासक्रम चांगला आहे, यात वाद नाही. विज्ञानात प्रयोगशाळा नसलेल्यांसाठी 'प्रात्यक्षिकाला पर्याय' असा लेखी पेपरही असतो, म्हणजे खासगी बसणाऱ्यांची सोय आहे. भारतात मार्चमध्येही परीक्षा देता येते. मी पुण्या-मुंबईच्या सात शाळांना फोन केले. चौघींनी सांगितलं, बाहेरचे विद्यार्थी घेत नाही. दोघींनी सांगितलं, मेल करा. मेलला उत्तर नाही. एकीनं दर सांगितला, एका विषयाचा, तो ऐकून मी "बरं, कळवते" म्हणून फोन ठेवला आणि पाचनं गुणलं. मग शीटमधली ती ओळ करड्या रंगात गेली. नणंदेला अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचत असेल तर, वन्सं, आता कळलं.

तिसरी ओळ एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९७९ साली सीबीएसईनं मुक्त शाळा म्हणून सुरू केलेला प्रकल्प पुढं वाढून ही स्वतंत्र संस्था झाली. मंडळ केंद्र सरकारचं. दहावीसाठी वय चौदा पूर्ण हवं. पाच विषय, त्यात किमान एक भाषा आणि जास्तीत जास्त दोन. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात नऊ संधी. एका वेळी पाचही विषय दिले पाहिजेत असं नाही. दोन आत्ता, तीन नंतर, असं साठवत जाता येतं. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना वीस टक्के. पास व्हायला तेहतीस.

आठवी पास झाल्याचा दाखला नसेल तर? तर आपणच लिहून द्यायचं, की या पातळीचा अभ्यास करण्याइतकं मला येतं. हे आण्णांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "स्वतःच?" म्हणाले. "स्वतःच लिहून द्यायचं, मला येतंय म्हणून?" पुढं बराच वेळ ते मान हलवत होते. चौतीस वर्षं ज्यानं 'येतंय' हे शब्द आपल्या लाल पेनाशिवाय कुणाला उच्चारू दिले नाहीत, त्याचं दुसरं काय होणार.

त्यांचा मोठा प्रश्न, अकरावीला घेतील का. घेतात. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइनच होतात आणि त्यात इतर मंडळांची मुलंही अर्ज भरतात. मात्र एक खड्डा आहे, तो सांगितलाच पाहिजे. एनआयओएसमध्ये गणित आणि विज्ञान सक्तीचं नाही. "गणित सोडता येतं" या एका वाक्यावर लोक इथं येतात. चौदा वर्षांच्या पोराला विचाराल तर ते आनंदानं सोडेल, आणि सोळाव्या वर्षी त्याला सायन्सला जावंसं वाटलं की दार बंद. रेवानंही पहिल्या यादीत गणित खोडलं होतं. ते मी पुन्हा लिहिलं. घरी शिकण्यात मुलांचं ऐकायचं असतं हे खरं, पण सगळंच नाही.

पाचवा विषय ठरवताना मात्र मी तोंडावर पडले. मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान ही चार झाली. पाचव्याला माझा नवरा म्हणाला, डेटा एंट्री, कारण त्यात गुण पडतात असं त्याच्या ऑफिसात कुणी सांगितलं. मी म्हटलं, लेखाशास्त्र घे, घरात आई आहे शिकवायला. रेवा शांतपणे म्हणाली, "दर महिन्याच्या वीस तारखेला तू जशी दिसतेस ना, तसं मला दिसायचं नाहीये." ज्यांना जीएसटी भरावा लागतो त्यांना ही तारीख कळेल. मग मी हिंदुस्थानी संगीत सुचवलं. मिरजेची पोरगी, म्हटलं, सोपं जाईल.

"मला गायचं नाहीये, आई. मला बनवायचंय."

इथं थोडं मागं जायला हवं. दीड वर्षापासून रेवा दुपारी सतारमेकर गल्लीत जाते. मिरजेबाहेरच्यांसाठी सांगते: आमच्या गावात सतारी आणि तानपुरे बनतात. एकोणिसाव्या शतकात, हत्यारांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हे काम हाती घेतलं आणि अजून त्यांच्याच घरांतून ते चालतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले कडू भोपळे वाळून येतात, ते कारखान्यांच्या छताला टांगलेले असतात. लहानपणी रेवा त्यांना घाबरायची. आता त्यातल्या एका कारखान्यात, तिथले कारागीर चाचा यांच्या परवानगीनं, ती रोज दोन तास बसते. पहिले आठ महिने तिनं फक्त पॉलिश पेपर मारला. चाचांनी तिला घोडीला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीला, हात लावू दिला नाही. तानपुऱ्याची जवारी काढणं, म्हणजे घोडीचा माथा घासून घासून तारेला तो गुंजारव आणणं, हे ते आजही पाठमोरं बसून करतात. रेवा म्हणते, मुद्दाम.

तर पाचवा विषय चित्रकला झाला. तानपुऱ्याच्या गळ्यावरची वेलबुट्टी तिला स्वतः काढायची आहे म्हणून. आण्णा म्हणाले, "इतिहास-भूगोल नाही?" त्यावर पुढं येते.

तर, मंडळ ठरलं. मी शीट सेव्ह केली, आण्णांना बोलावलं आणि सांगितलं: पुढच्या वर्षी नोंदणी, त्यानंतरच्या एप्रिलला परीक्षा, तिच्या बरोबरीच्या मुलांसोबतच दहावी. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि नववी?"

"एनआयओएसला नववी नसते, आण्णा. थेट दहावीच."

"नसते म्हणजे?"

"म्हणजे तो वर्गच नाही."

ते बराच वेळ शीटकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं ते मला चार महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. "मग हे वर्ष ती काय शिकणार?"

मी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. एक अख्खं वर्ष, ज्याची परीक्षा कुणी घेणार नाही, ज्याचा निकाल कुठं लागणार नाही. दोन वर्षं मी लोकांना सांगत आले होते की आम्हाला हेच हवंय. ते समोर आलं तेव्हा मला घाम फुटला.

अशा वेळी मी जे करते तेच केलं. विकत काय मिळतं ते बघायला लागले. खरं तर मला अक्कल यायला हवी होती. रेवा घरी आली त्या वर्षी मी परदेशी कंपनीचा एक तयार अभ्यासक्रम मागवला होता, एकतीस हजार रुपयांचा, मोठ्या खोक्यात. रोज कुठलं पान, कुठला प्रयोग, आईनं कुठलं वाक्य बोलायचं, सगळं छापलेलं. मला इतकं सुरक्षित कधीच वाटलं नव्हतं. दोन महिन्यांनी चित्र असं होतं, की रेवा तापमान फॅरनहाइटमध्ये सांगायची, पिठाचं वजन पौंडात करायची, अमेरिकेची राज्यं घडाघडा म्हणायची आणि वारणा कृष्णेला कुठं मिळते ते तिला माहीत नव्हतं. हरिपूरला मिळते, आमच्या घरापासून तासभराच्या आत. आता त्या खोक्यात कांदे ठेवतो. खोका मजबूत आहे, हे कबूल करते.

या वेळी त्यातून एकच कामाची गोष्ट मिळाली, तीही खोक्यातून नाही, तर माझ्या मावसबहिणीकडून. ती टेक्सासमध्ये असते, तिची दोन्ही मुलं घरी शिकून आता कॉलेजात आहेत. तिथं घरची शाळा ही कायद्यानं खासगी शाळाच धरतात. राज्याकडं नोंदणी नाही, काही नाही. न्यूयॉर्कात असती तर दर वर्षी आराखडा आणि दर तिमाहीला अहवाल द्यावा लागला असता. मी विचारलं, मग कॉलेजच्या प्रवेशासाठी तुमच्या मुलांचे गुण कोण देतं? म्हणाली, मीच. नववीपासून बारावीपर्यंतचं गुणपत्रक आईनं करायचं. एका विषयाचे साधारण एकशे वीस तास झाले की एक श्रेयांक धरायचा. ही मोजणी तिथं शंभराहून जास्त वर्षांपासून चालत आलीय. "तू फक्त रोज लिहून ठेव गं," ती म्हणाली. "काय केलं आणि किती वेळ. तीन वर्षांनी ती वही बघून तुलाच रडू येईल."

रडू वगैरे जाऊ दे, पण हिशेबाची वही म्हटल्यावर मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी मार्केटातून दोनशे पानी रजिस्टर आणलं.

वहीत भरायचं काय, हे मात्र आण्णांनी परस्पर सोडवलं. एका संध्याकाळी फिरायला गेले ते पिशवी घेऊन आले. आत बालभारतीची नववीची सगळी पुस्तकं. रात्री जागून त्यांनी खाकी कव्हरं घातली, लेबलं चिकटवली आणि आपल्या वळणदार अक्षरात प्रत्येकावर लिहिलं, 'इयत्ता नववी'. सकाळी ती चळत माझ्या लॅपटॉपवर ठेवलेली.

मी चिडले, खरं सांगते. आपल्या मंडळाचीच पुस्तकं नाहीत ही, मग कशाला? मग सहज गणित भाग एक उघडलं. संच, वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर व प्रमाण. पुढं अर्थनियोजन नावाचं प्रकरण, त्यात चक्क प्राप्तिकर. माझं पोट ज्यावर चालतं तो धडा इतका सरळ कुणी लिहिला असेल असं वाटलं नव्हतं. विज्ञानाच्या पुस्तकात 'ध्वनीचा अभ्यास'. मी तिथंच उभ्यानं वाचत राहिले. हीच पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत आणि चार महिने मी जगभर अभ्यासक्रम शोधत हिंडत होते.

आमचं ठरलं ते असं की परीक्षा मुक्त विद्यालयाची, पण हे वर्ष बालभारतीचं. कुठल्याही क्रमानं. एखादं प्रकरण सोडायचं तर सोडायचं, एखाद्यावर महिना लावायचा तर लावायचा. कारण कुणी विचारणार नाही, या एका गोष्टीचा काही उपयोग करून घ्यायचा तर तो असाच.

माध्यमाचा वाद त्यातूनच उपटला. मला वाटत होतं की निदान विज्ञान तरी आता इंग्रजीतून करावं. पुढं सगळं इंग्रजीतच आहे, किती दिवस टाळणार. रेवा 'ध्वनीचा अभ्यास' वाचत होती, तिला मी इंग्रजी पुस्तकातलं तेच पान दिलं. तिनं दोन्ही वाचली.

"वारंवारिता म्हणजे वारंवार किती, ते. शब्दातच आहे," ती म्हणाली. "फ्रिक्वेन्सी म्हणजे काय ते पाठ करायला लागतं."

"आणि अनुनाद?"

"एकाच्या मागोमाग दुसऱ्याचा नाद. चाचा एक तार छेडतात आणि खालच्या तरफा, त्या बारीक तारा, आपोआप वाजतात, तेच की. त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"रेझोनन्स."

तिनं तो शब्द वहीत अनुनादाच्या शेजारी लिहून घेतला, जसा चाचांकडचा एखादा अवजाराचा शब्द लिहून घेते तसा. सध्या हीच पद्धत चाललीय: शिकायचं मराठीतून, आणि शेजारी इंग्रजी शब्दांची पट्टी. परीक्षेचा अर्ज भरताना माध्यमाच्या रकान्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. त्यावर आमचं घर तीन विरुद्ध एक आहे आणि ती एक मी आहे.

वेळापत्रकाचं फार लिहिण्यासारखं नाही. जूनमध्ये मी चाळीस-चाळीस मिनिटांचे तास आखले, रंग दिले, फ्रिजवर लावलं. नवरा रेल्वेत, त्याच्या ड्युट्या वाटेल तेव्हा. माझ्या वीस तारखा. पाऊस. तिसऱ्या आठवड्यात फ्रिज पुसताना कागद फाटला, तो परत लावला नाही. आता आठवड्याचा कोटा आहे. गणित सहा तास, विज्ञान पाच, भाषा मिळून सहा, ते ती कधी पूर्ण करते ते तिचं तिनं बघायचं. शनिवारी रजिस्टरमध्ये बेरीज. मागच्या आठवड्यात भाषा पाच तास वीस मिनिटंच भरल्या, कारण इंग्रजी. इंग्रजी आमच्याकडं मागंच आहे, ते मी इथं सजवून सांगणार नाही. रोज एक पान मोठ्यानं वाचणं एवढाच उपाय सापडलाय आणि तोही रोज होत नाही.

इतिहासाचं मात्र भलतंच झालं. नववीच्या पुस्तकात स्वातंत्र्यानंतरचा, १९६० नंतरचा भारत आहे. परीक्षा नाही म्हणून मी रेवाला म्हटलं, नुसतं वाच, आणि काही अडलं तर आण्णांना विचार, त्यांनी हे सगळं बघितलंय. एका दुपारी मी रिटर्न भरत होते. पलीकडच्या खोलीतून तिचा प्रश्न ऐकू आला, "आजोबा, बाहत्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठं होता?" आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

आण्णांचं गाव जत तालुक्यात. त्या वर्षी ते सांगलीला विलिंग्डन कॉलेजात शिकत होते. सुट्टीला गावी गेले तर घराला कुलूप. आई दुष्काळी कामावर, रस्त्याच्या कडेला खडी फोडायला. तिथं त्यांनी तिला शोधलं, पण बायकांच्या रांगेत सगळ्यांच्या तोंडावर इतकी धूळ होती की पहिल्यांदा ते तिच्यावरून पुढं गेले. तिनं हाक मारली तेव्हा कळलं. घरी लाल मिलोची भाकरी होती, परदेशातून आलेली ज्वारी. ती गिळत नव्हती. कामावर मिळालेली सुकडी आईनं त्यांच्यासाठी पदरात बांधून आणली होती.

या घरात येऊन मला सतरा वर्षं झाली. माझ्या नवऱ्याला विचारलं, त्यालाही हे माहीत नव्हतं. रजिस्टरमध्ये त्या दिवशी रेवानं लिहिलंय, 'इतिहास, २ तास १० मि., आण्णा.' मी जुलैच्या रिटर्नात त्या दिवशी एक आकडा चुकले, तो नंतर दुरुस्त करावा लागला.

तर, आण्णा आता या प्रकल्पात पुरते ओढले गेलेत, पण आपल्या अटींवर. भूमिती त्यांची. त्यात माझा किंवा पुस्तकाचा संबंध नाही. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, या क्रमानं, पट्टीनं रेघ मारून. रेवाला सुरुवातीला त्याचा वैताग यायचा. जे डोळ्यांना दिसतंय ते सिद्ध कशाला करायचं, हा तिचा मुद्दा. "दिसतंय म्हणून मानायचं असतं तर पृथ्वी सपाट राहिली असती," हा त्यांचा. यावर आठवड्यातून दोनदा भांडण होतं, आणि दोघांनाही त्याची सवय झालीय.

मागच्या गुरुवारी ती कारखान्यातून पळतच आली. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "आजोबा, चाचा पट्टी वापरत नाहीत." झालं होतं असं, की गुणोत्तर व प्रमाण शिकताना तिला कळलं की तारेची लांबी दोन-तृतीयांश केली की मूळ स्वर पहिला धरून वरचा पाचवा स्वर मिळतो. सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य तार मध्यमात, 'म'मध्ये लावतात, म्हणजे दोन-तृतीयांशावर षड्ज, 'सा', यायला हवा. तिनं टेप नेली. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तार भरली सत्त्याऐंशी सेंटिमीटर. म्हणजे षड्जाचा पडदा, दांडीवरची ती आडवी पट्टी, घोडीपासून अठ्ठावन्नवर हवा. चाचांनी तो पडदा नुसत्या कानानं, दोऱ्यानं बांधलेला, सरकवत सरकवत बसवलेला. तिनं मोजला: अठ्ठावन्न आणि वर तीन मिलिमीटर.

"बघा, तीन मिलिमीटर चुकलं," रेवा म्हणाली.

"कोण चुकलं?" आण्णांनी विचारलं. "ते का तू?"

पुढचा पाऊण तास स्वयंपाकघराच्या टेबलावर टेप, पेन्सिल आणि माझी कपडे वाळत घालायची दोरी होती. टेप वाकडी धरली असेल, असं आण्णांचं म्हणणं. दोनदा मोजलंय, असं हिचं. शेवटी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली आणि चाचांनाच विचारून आली. चाचा म्हणाले, बेटा, तार पडद्यावर दाबली की ती ताणली जाते. ताणली की सूर चढतो. तो चढतो म्हणून पडदा थोडा मागं. किती मागं ते कान सांगतो.

आण्णांनी हे ऐकलं आणि काही बोलले नाहीत. रात्री उशिरा त्यांच्या खोलीत दिवा दिसला. सकाळी डायनिंग टेबलावर फुलस्केप कागद होता, पट्टीनं आखलेला. वर 'पक्ष': तारेची लांबी ८७ सेंमी. खाली 'साध्य'. मधे सुबक आकृती, सतारीची दांडी, पडदा आणि दाबलेली तार एका बारीक त्रिकोणात. सिद्धतेच्या चौथ्या ओळीवर ते थांबले होते. शेजारी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'ताण किती वाढतो? चाचांना विचारणे.'

काल ते दोघं मिळून गेले. आण्णांनी कारखान्यात जायला इस्त्रीचा शर्ट घातला होता. शनिवारची बेरीज करताना मी रजिस्टर बघितलं, तर रेवानं गणिताच्या सहाऐवजी नऊ तास चाळीस मिनिटं लिहिली होती आणि कंसात 'वाद धरून'. आण्णा म्हणतात, वाद धरू नको, वेगळा लिही.